मोटारीची तिसरी ओळ : गरज की ओझे?

घरात मोटार घ्यायचे ठरले की पहिला वाद रंगावरून होतो आणि दुसरा आसनांवरून. चौघांचे घर असले तरी कोणीतरी म्हणते, "सात जण बसतील अशीच घेऊ. आत्या आली, मामा आला, तर?" त्यावर दुसरे कोणी उत्तर देते, "आत्या वर्षातून दोनदा येते. तिच्यासाठी वर्षभर रिकामी आसने कशाला ओढायची?" मोटार विजेवर चालणारी असेल तर तिसरा मुद्दाही निघतो : "वजन वाढले की बॅटरी लवकर संपेल."

या तिन्ही बोलण्यांत तथ्य आहे. मात्र कोणत्या बोलण्याला किती वजन द्यायचे, हे तर्काने ठरत नाही. त्यासाठी मोजावे लागते. आणि हे मोजमाप नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानात सहज बसणारे आहे.

आपल्याकडे अधिक माणसे बसवण्याची हौस जुनी आहे. ॲम्बॅसडर मोटारीत पुढचे आसन सलग बाकासारखे असे आणि त्यावर तिघे बसत. १९९४ साली आलेल्या टाटा सुमोमध्ये मागे समोरासमोर दोन आडवे बाक असत. विजेच्या मोटारींत मात्र तिसरी ओळ भारतात अलीकडेच आली. बीवायडी कंपनीची ईमॅक्स ७ ही मोटार ऑक्टोबर २०२४ मध्ये, किआची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही जुलै २०२५ मध्ये आणि महिंद्राची एक्सईव्ही ९एस नोव्हेंबर २०२५ मध्ये बाजारात आली. त्यामुळे एरवी पेट्रोल-डिझेलच्या मोटारींपुरता असलेला हा प्रश्न आता विजेच्या मोटारीलाही लागू झाला आहे.

ऊर्जा जाते कोठे?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चाललेल्या मोटारीला मुख्यतः दोन विरोध सहन करावे लागतात. पहिला टायरांचा. टायर रस्त्यावर टेकतो तेथे दबतो, पुन्हा फुगतो, आणि या दबण्या-फुगण्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा रोध मोटारीच्या एकूण वजनाच्या सुमारे एक शतांश असतो. म्हणजे वजन दहा टक्क्यांनी वाढले तर तोही दहा टक्क्यांनी वाढतो.

दुसरा विरोध हवेचा. त्याचे सूत्र असे :

हवेचा रोध = ½ × हवेची घनता × रोधांक × समोरचे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

या सूत्रात वजनाला कोठेही जागा नाही, हे लक्षात घ्या. आत एक माणूस बसला आहे की सात, हे हवेला कळत नाही. तिला फक्त मोटारीचा आकार आणि वेग समजतो. वेग दुप्पट झाला तर हा रोध चौपट होतो.

आता दोन मोटारी घेऊ. आकडे उदाहरणासाठी आहेत, पण ते प्रत्यक्षाच्या जवळचे आहेत. पाच आसनांच्या मोटारीचे वजन १६०० किलोग्रॅम आणि समोरचे क्षेत्रफळ २.५ चौरस मीटर धरू. तीन ओळींची मोटार लांब व उंच, म्हणून तिचे वजन १८५० किलोग्रॅम आणि क्षेत्रफळ २.७ चौरस मीटर. दोघींचा रोधांक ०.३०, हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम आणि वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. दोन माणसांचे वजन १३० किलोग्रॅम, सातांचे ४३० आणि प्रवासाचे सामान ५० किलोग्रॅम.

गणित केले की पुढील आकडे मिळतात :

(१) पाच आसनी मोटार, दोन माणसे : टायरांचा रोध १७०, हवेचा २२२, एकूण ३९२ न्यूटन.
(२) तीन ओळींची मोटार, दोन माणसे : टायरांचा १९४, हवेचा २४०, एकूण ४३४ न्यूटन.
(३) तीन ओळींची मोटार, सात माणसे व सामान : टायरांचा २२८, हवेचा २४०, एकूण ४६८ न्यूटन.
(४) तीच सात माणसे व सामान, पण दोन पाच आसनी मोटारींतून : दोन्ही मोटारींचा मिळून एकूण ८०५ न्यूटन.

हे चार आकडे वहीत उतरवून ठेवा. पुढचे सारे विवेचन त्यांवरच उभे आहे.

रिकाम्या आसनांचे भाडे

पहिल्या दोन ओळींतील फरक ४२ न्यूटनांचा आहे. मागची आसने रिकामी ठेवून फिरण्याचे हे भाडे होय. एक न्यूटन बलाविरुद्ध एक किलोमीटर जायला एक किलोजूल ऊर्जा लागते, म्हणून ४२ न्यूटनांसाठी दर किलोमीटरला ४२ किलोजूल लागतील. वीजबिलावरचे एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, ३६०० किलोजूलांचे असते. बॅटरीतून चाकापर्यंत पोचेतो काही ऊर्जा वाया जाते. शंभरातली पंच्याऐंशी चाकाला मिळते असे धरू. वर्षाला १२,००० किलोमीटर मोटार चालली, तर या फरकापायी साधारण १६५ युनिटे जास्त लागतील. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाचे १६५० रुपये, म्हणजे महिन्याचे एकशे चाळीस रुपयांच्या आतबाहेर.

शहरात वारंवार थांबावे लागते, तेथे जड मोटारीला अधिक तोटा होईल असे वाटते. ते काही अंशी खरे आहे, कारण दर वेळी जास्त वस्तुमानाला गती द्यावी लागते. परंतु विजेच्या मोटारीची एक खुबी आहे. ती मंदावताना तिची मोटर जनित्राचे काम करते आणि गतिज ऊर्जेचा बराचसा भाग बॅटरीत परत भरते. पेट्रोलची मोटार तीच ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात घालवते. म्हणूनच वाढीव वजनाचा दंड विजेच्या मोटारीला तुलनेने सौम्य बसतो.

तेव्हा "तिसऱ्या ओळीने बॅटरी लवकर संपेल" हा आक्षेप वाटतो तेवढा मोठा नाही. मोटारीची वाढलेली किंमत आणि उभी करण्यास लागणारी जास्त जागा हे विजेच्या खर्चापेक्षा मोठे मुद्दे आहेत. इमारतीच्या आवारातील आखलेली जागा फुटपट्टीने मोजून मगच निर्णय घ्यावा.

तीन कोल्हापूर-फेऱ्यांचा नियम

आता तिसरा आणि चौथा आकडा पाहा. सात माणसे एकाच मोटारीतून गेली तर ४६८ न्यूटन आणि दोन मोटारींतून गेली तर ८०५. येथे तिसरी ओळ ३३७ न्यूटन वाचवते. रोजच्या प्रवासात दर किलोमीटरला ४२ किलोजूल तोटा आणि भरलेल्या प्रवासात दर किलोमीटरला ३३७ किलोजूल फायदा, असा हा व्यवहार आहे. भरलेला एक किलोमीटर रिकामे आठ किलोमीटर भरून काढतो. थोडक्यात, दर नऊ किलोमीटरांपैकी एक किलोमीटर मोटार पूर्ण भरून चालली, तर ऊर्जेचा हिशेब बरोबरीत सुटतो.

वर्षाच्या १२,००० किलोमीटरांपैकी हा नववा हिस्सा सुमारे १३३० किलोमीटर होतो. पुणे ते कोल्हापूर अंतर अंदाजे २३० किलोमीटर आहे, जाऊन-येऊन ४६०. अशा तीन फेऱ्या सातजणांनी केल्या की १३८० किलोमीटर झाले. पुण्यातील एखादे कुटुंब आजी-आजोबांसह गणपतीला, दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुटीत गावी जात असेल, आणि एरवी त्यांना दोन गाड्या कराव्या लागत असतील, तर तिसरी ओळ ऊर्जेच्या दृष्टीने उधळपट्टी ठरत नाही.

या नियमाला एक अट आहे. तुलना दुसऱ्या मोटारीशी केली आहे. जादा दोघे-तिघे एस.टी.ने किंवा रेल्वेने जाणार असतील तर हिशेब उलटतो. एस.टी. तशीही धावणारच असते आणि तिच्यात आणखी दोन माणसे बसल्याने टायरांचा रोध जेमतेम वाढतो. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर एस.टी.ची 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. याच मार्गावर १९४८ साली पहिली एस.टी. धावली होती. माणशी ऊर्जेच्या शर्यतीत भरलेल्या बसशी मोटारीने स्पर्धा करू नये, मग तिला ओळी दोन असोत वा तीन.

सामान कोठे ठेवणार?

सात आसने मोजताना सात पिशव्या मोजायच्या राहून जातात. बहुतेक मोटारींत तिसरी ओळ उभी केली की डिकीत फारशी जागा उरत नाही. सात माणसे तीन दिवसांसाठी निघाली की सामान टपावरच्या कॅरिअरवर चढते. येथे सूत्र आपला हिसका दाखवते.

समजा, टपावरच्या बोजामुळे समोरचे क्षेत्रफळ २.७ वरून ३.० चौरस मीटर झाले आणि वाऱ्याला अडणाऱ्या ओबडधोबड आकारामुळे रोधांक ०.३० वरून ०.३४ झाला. तर ताशी ८० किलोमीटरला हवेचा रोध २४० वरून ३०२ न्यूटन होतो, म्हणजे ६२ न्यूटन वाढतो. पाच जास्त माणसे आणि सामान आत घेतल्याने वाढ झाली होती ती अवघी ३४ न्यूटनांची. टपावरचे गाठोडे आत बसलेल्या पाच माणसांपेक्षा बॅटरीला महाग पडते!

वेगाचेही तसेच. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवला तर हवेचा रोध २४० वरून ३७५ न्यूटनांवर जातो. एकट्या वेगाने झालेली ही १३५ न्यूटनांची वाढ माणसांमुळे झालेल्या वाढीच्या चौपट आहे.

याचा परिणाम प्रवासावर काय होतो? बॅटरी ६० किलोवॅट-तासांची असून त्यातील ८० टक्केच वापरायची असे ठरवू, म्हणजे हाताशी ४८ युनिटे. सात माणसे, सामान आत, वेग ८० : मोटार सुमारे ३१४ किलोमीटर जाईल. सात माणसे, सामान टपावर, वेग ८० : २७७ किलोमीटर. सात माणसे, सामान टपावर, वेग १०० : २१० किलोमीटर. पहिल्या दोन प्रकारांत कोल्हापूर वाटेत न थांबता येते. तिसऱ्यात येत नाही. माणसे तीच आणि बॅटरीही तीच, तरी एक कुटुंब पोचते आणि दुसरे वाटेत भारणकेंद्राच्या रांगेत उभे राहते.

वातानुकूलन यंत्र दोन किलोवॅट शक्ती घेत असेल तर या आकड्यांत आणखी घट होईल. पहिला आकडा ३१४ वरून २७० वर येईल. माणूस स्वस्थ बसला तरी शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देतो, हेही ध्यानात ठेवावे. घाट चढताना लागणारी ऊर्जा वेगळी. सात माणसांसह २३३० किलोग्रॅमची मोटार शंभर मीटर वर नेण्यास सुमारे ०.६ युनिट लागते. पण उतारावर त्यातील काही भाग बॅटरीत परत येतो.

मागे बसणाऱ्याला काय मिळते?

ऊर्जेचा हिशेब झाला. परंतु माणूस म्हणजे साठ किलोग्रॅमचे पोते नव्हे. त्याला गुडघे आहेत, पाठ आहे, मान आहे.

विजेच्या मोटारीत बॅटरी बहुधा तळाशी, सपाट पसरलेली असते. याचा मोठा लाभ म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर मोटार कमी कलते. पण बॅटरीच्या जाडीमुळे तळ वर उचलला जातो. छत तर फार उंच करता येत नाही, कारण समोरचे क्षेत्रफळ वाढते. मग आसन आणि तळ यांतील अंतर कमी होते. मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही आणि सारा भार कमरेखालच्या हाडांवर पडतो. लहान मुलाला याचे काही वाटत नाही. पासष्ट वर्षांच्या आजोबांना तासाभरात वाटू लागते.

दुसरी गोष्ट धक्क्यांची. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.८ मीटर आहे असे समजा. खड्ड्यामुळे मोटारीचा मागचा भाग चाकांपाशी ४ सेंटीमीटर उचलला गेला आणि पुढचा जागीच राहिला, तर बरोबर मध्ये बसलेला माणूस २ सेंटीमीटर उचलला जाईल. तिसरी ओळ मागच्या चाकांच्या आसाजवळ असते, म्हणून तेथे बसलेल्याला जवळजवळ पुरे ४ सेंटीमीटर मिळतील. एस.टी.चा शेवटचा बाक तर आसाच्याही मागे असतो. साडेपाच मीटर अंतर असलेल्या बसमध्ये आसामागे २.२ मीटरवर बसलेला माणूस ५.६ सेंटीमीटर उडेल. शेवटच्या बाकावरून प्रवास केलेल्यांना हे गणित न करताही ठाऊक असते!

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. धडकेत सुरक्षितता मिळते ती अंतरामुळे. त्याच वेगावरून थांबताना थांबण्याचे अंतर निम्मे झाले तर त्वरण दुप्पट होते. मोटारीचा पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून आतल्या माणसांना थांबायला अंतर मिळते. मागून धडक बसली तर हे काम डिकीची जागा करते. तिसऱ्या ओळीत बसलेल्याच्या डोक्यामागे मात्र काही मोटारींत वीतभर जागा आणि मग काच, एवढेच असते. म्हणून तेथे डोक्याला टेकण मिळण्याइतके उंच आसन आणि खांद्यावरून जाणारा तीन टोकांचा पट्टा अत्यावश्यक आहे. हा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांनी मोटारीत आणला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारतात 'भारत एनकॅप' ही मोटारींच्या धडक-चाचणीची व्यवस्था सुरू झाली. मोटार पाहायला गेल्यावर तिला किती तारे मिळाले हे विचारावेच. पण तारे मोजून झाल्यावर स्वतः मागे जाऊन पट्टे आणि टेकणीही मोजावीत.

आणि तिसरी ओळ नाही म्हणून पाच आसनांत सहा-सात जण कोंबणे, हा सर्वांत वाईट पर्याय होय. दहा किलोग्रॅमचे बाळ आईच्या मांडीवर आहे आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार धडकून एक दशांश सेकंदात थांबली असे समजा. बाळाला धरून ठेवण्यासाठी १३९० न्यूटन बल लागेल, म्हणजे सुमारे १४० किलोग्रॅम वजन पेलण्याइतके. कोणत्याही आईचे हात एवढे बल लावू शकत नाहीत. येथे प्रेमाची नव्हे, स्नायूंची मर्यादा आड येते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन यांवाचून नेणे दंडपात्र आहे. मधल्या ओळीत दोन बालआसने बसवली की त्यांच्या मधल्या जागेत मोठे माणूस मावणे कठीण होते. म्हणून दोन तान्ही मुले असलेल्या पाच जणांच्या घरालाही कधीकधी तिसरी ओळ खरोखर लागते.

मग निर्णय कसा करावा?

घरात रोज एकत्र प्रवास करणारी माणसे सहा असतील, तर प्रश्न उरत नाही. प्रत्येकाला स्वतःचा पट्टा मिळालाच पाहिजे, म्हणून तिसरी ओळ हवी. घर तिघा-चौघांचे असून पाहुणे वर्षातून एकदोनदाच येत असतील, तर त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने घेणे शहाणपणाचे. मधल्या घरांनी पुढील तीन प्रश्न सोडवावेत : वर्षात सहा किंवा अधिक माणसे घेऊन किती किलोमीटर होतात? ती माणसे बसल्यावर सामान कोठे जाईल? आणि मागे नेमके कोण बसेल? पहिल्याचे उत्तर एकूण प्रवासाच्या नवव्या हिश्श्याहून मोठे असेल, सामान आत मावत असेल आणि मागे बसणारी मुले बालआसनाचे वय ओलांडलेली पण अजून पुरती उंच न झालेली असतील, तर तिसरी ओळ खुशाल घ्यावी. मागे आजी-आजोबांनाच बसावे लागणार असेल, तर मोटार कितीही मोठी असली तरी आसने चुकली असे समजावे. मुलांनी मागे जावे आणि वडीलधाऱ्यांना मधली ओळ द्यावी; शिष्टाचार आणि पदार्थविज्ञान यांचे येथे एकमत आहे.

करून पाहा

(१) महिनाभर एक वही ठेवा. घरच्या, शेजारच्या किंवा शिक्षकांच्या मोटारीची प्रत्येक फेरी नोंदवा : किलोमीटर किती, माणसे किती. महिनाअखेर पाचपेक्षा जास्त माणसांचे किलोमीटर भागिले एकूण किलोमीटर हा अपूर्णांक काढा आणि तो एक नवमांशाशी ताडून पाहा.

(२) मोटारीच्या दुकानात गेलात तर मधले आसन मोठ्या माणसाला बसता येईल अशा जागी ठेवून मग मागे वीस मिनिटे बसा. दोन मिनिटांत कोणतेही आसन चांगलेच वाटते.

(३) तीन ओळींच्या मोटारीत आसामागे ०.८ मीटर अंतरावर ५० किलोग्रॅम सामान ठेवले. चाकांतील अंतर २.८ मीटर आहे. पुढच्या चाकांवरचा भार किती कमी होईल? (उत्तर : सुमारे १४ किलोग्रॅम. मागच्या चाकांवर मग ५० नव्हे, ६४ किलोग्रॅम भार वाढतो.)

(४) या लेखातील चारही आकडे ताशी ४० किलोमीटर वेगासाठी पुन्हा काढा. हवेचा रोध घटल्यावर वजनाचे महत्त्व वाढते का, आणि एक नवमांशाचा नियम तसाच राहतो का, ते वर्गात तपासा. उत्तर मिळाले की घरी सांगा. मोटार घेण्याच्या चर्चेत त्या आकड्याचाही उपयोग होईल.